कॉडच्या पोटात काय निघालं

उज्जैनहून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र लांबच पडतो. आमच्या घराण्याच्या सात पिढ्या माळव्यात गेल्या. वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत मी समुद्र पाहिला होता तो दोनदा, एकदा द्वारकेला आणि एकदा गणपतीपुळ्याला, आणि दोन्ही वेळा दर्शनाची घाई होती. मासा तर आमच्या स्वयंपाकघरात कधी आलाच नाही. तेहतीस वर्षं मी इथल्या शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, मासे चिरून दाखवले, पण ते फॉर्मलीनच्या बरणीतले.

असा मी, गेल्या जूनमध्ये तीन आठवडे न्यूफाउंडलंडला राहून आलो. कॅनडाच्या पार पूर्वेच्या टोकाला असलेलं हे बेट. माझी मुलगी रेवा तिथे कॉड नावाच्या माशावर संशोधन करते. सहा वर्षं झाली तिला तिथे. माझी बायको सुनंदा मागेच एकदा जाऊन आली होती. मी मात्र कधी गुडघे, कधी पासपोर्ट, कधी घराचं रंगकाम असं काही ना काही पुढे करत राहिलो. खरी गोष्ट अशी की रेवाने मेडिकलची मिळालेली सीट सोडून मासे निवडले, ते मला पचलं नव्हतं. या वेळी सुनंदाने तिकीटच काढून हातात दिलं. "आता काही बहाणा चालणार नाही," म्हणाली.

सेंट जॉन्स

विमानतळावर रेवाने माझ्या अंगात आधी एक जाडजूड जाकीट घातलं, मग वाकून नमस्कार केला. उज्जैनला त्या दिवशी अंगाची लाही होत होती आणि इथे शहरात शिरलो तर बंदराच्या तोंडाशी एक हिमनग उभा! पांढरा नव्हे, कापूर असतो तसा, आतून निळसर झाक मारणारा. लोक त्याच्याकडे पाठ करून कॉफी पीत होते. मी मात्र अर्धा तास हललो नाही.

पहिल्याच दिवशी एक धडा मिळाला. किराणा दुकानात एक आजोबा काउंटरवरच्या पोरीला विचारत होते, "फिश आहे का?" ती म्हणाली, "फिश नाही. सामन आहे, हॅलिबट आहे."

मी रेवाला विचारलं, "सामन म्हणजे मासा नाही का?"

"बाबा, इथे फिश म्हणजे फक्त कॉड," ती हसली. "बाकी सगळ्यांना आपापली नावं. आपल्याकडे मैया म्हटलं की कुठली नदी ते सांगावं लागतं का?"

खाडीवरचं गाव

सेंट जॉन्सहून गाडीने चारेक तास वर गेलं की एका खाडीच्या काठी ते गाव येतं. मोजकी रंगीत लाकडी घरं, एक पांढरं चर्च, बाकी खडक आणि बुटकी झाडं. रेवा उन्हाळ्यात तिथे राहून काम करते. खोली आर्थर नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या घरात. आर्थर एकटाच राहतो. हात असे, की माझा पंजा त्याच्या पंजात दिसेनासा झाला. "आत ये, माय सन," म्हणाला. माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, आणि मला बेटा म्हणतो! दोन दिवसांनी कळलं, तो पोस्टमनलाही माय सन म्हणतो आणि पाद्र्यालाही. आमच्या इंदूर-उज्जैनला कुणालाही 'भिया' म्हणजे भाऊ म्हणतात, तसं आहे ते.

मी मासा खात नाही हे रेवाने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने पावाच्या कणकेचे गोळे चपटे करून लोण्यात तळले आणि वर काकवी ओतली. हो, काकवीच, उसाची, काळी, घट्ट. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गरम पुरीवर काकवी! मी बॅगेतून उज्जैनची लवंगी सेव काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक चिमूट तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्यायला, आणि परत हात घातला. पुढे तीन दिवसांत पाकीट संपलं. कशावर घालून संपवलं ते मी विचारलं नाही.

रेवाची प्रयोगशाळा म्हणजे धक्क्यावरची एक पत्र्याची शेड. तिथे मी पहिल्यांदा कॉड पाहिला. हिरवट-तपकिरी, अंगभर ठिपके, कडेने एक पांढरी रेघ, आणि हनुवटीखाली एकच मिशी. रेवाने त्याच्या डोक्यातून कानातलं हाड काढलं, पांढऱ्या वालाएवढं. मधोमध तोडून भिंगाखाली धरलं. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वलयं. "नऊ वर्षांचा," ती म्हणाली. मग पोट चिरलं आणि आतलं एकेक चिमट्याने ट्रेमध्ये मांडू लागली. खेकड्याचे पाय, कोळंबीची सालं, अर्धवट विरघळलेला वीतभर मासा.

"हा कोण?" मी विचारलं.

"हा कॉडच. लहान."

"स्वतःचं पिल्लू?"

"स्वतःचं की दुसऱ्याचं, त्याला कुठे माहीत? कॉडची मादी लाखोंनी अंडी सोडते, बाबा. ती तरंगतात. हेरिंगसारखे छोटे मासे ती खातात. त्यातून एखादं जगतं, वाढतं, आणि मग तेच त्या हेरिंगला खातं. आज कॉड ज्याला खातोय, त्याने काल कॉडलाच खाल्लं असतं."

मी फळ्यावर आयुष्यभर काढत आलो ती खाद्य शृंखला सरळ होती. घास, टिड्डा, मेंढक, साँप, बाज, म्हणजे आपलं गवत, नाकतोडा, बेडूक, साप, ससाणा. एकाच दिशेचे बाण. मी तिच्या वहीत डोकावलो तर तिथे बाणांचं नुसतं जाळं. कॉडकडून निघालेले बाण आणि कॉडकडे येणारे बाण. सील, व्हेल, पक्षी, खेकडे, आणि सगळ्यांच्या मधोमध एक छोटं नाव, कॅपलिन.

"हे काय?"

"बोटभर मासा. वर्षातून एकदा अंडी घालायला किनाऱ्यावर येतो. कॉडचं खरं अन्न तेच. ते भरपूर आले तर कॉड पुष्ट होतो. नाही आले, उशिरा आले, तर हे असं." तिने कॉडचं यकृत मला दाखवलं. बोटाएवढं, चिमलेलं. "हे याच्या चौपट हवं. या वर्षी कॅपलिन अजून आलेच नाहीत. सगळं गाव वाट बघतंय."

धुकं

पुढच्या दिवशी दुपारच्या आधी, आम्ही शेडमध्येच होतो, माझा फोन वाजला. उज्जैनला तेव्हा संध्याकाळ. नानाखेड्याच्या कॉलनीत आमच्या शेजारी राहणाऱ्या व्यासजींचा फोन, टावर चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. माझे हात ओले होते, म्हणून रेवाने फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"अरे, डॉक्टर बिटिया! बढिया हुआ तू मिल गई," व्यासजी म्हणाले. "तेरी आंटी की शुगर की गोली बदल दी है इधर के डॉक्टर ने. मैंने कहा, पहले अपनी रेवा से पूछेंगे. बड़े अस्पताल में है, उसे ज्यादा मालूम."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेकडे पाहू लागलो.

"अंकल," ती अगदी शांतपणे म्हणाली, "जिस डॉक्टर ने बदली है उन्हीं की सुनिए. मैं वो वाली डॉक्टर नहीं हूँ." तिकडे व्यासजी हसले, त्यांना ती नम्रता वाटली. तिने फोन ठेवला.

"बाबा, तुम्ही लोकांना काय सांगितलंय?"

"मी काही सांगितलं नाही. तुझी पीएचडी झाली आणि तू इकडे निघालीस, तेव्हा मी पेढे वाटले. बिटिया डॉक्टर हो गई, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. खोटं कुठे आहे त्यात?"

"आणि मोठं हॉस्पिटल?"

ते मीच कधीतरी बोललो होतो. एकदा बोललो, मग सहा वर्षं ते निभावत आलो.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती परत मासा चिरायला लागली. "मी इथे थंडीत, वास सहन करत, हात सुन्न होईपर्यंत काम करते," खाली बघतच म्हणाली, "आणि मला वाटायचं, कुणाला नाही तरी बाबांना कळत असेल. बायोलॉजी तुम्हीच शिकवलंत मला."

त्यानंतर चार दिवस दाट धुकं. खाडी नाही, होड्या नाहीत, समोरचं घरही नाही. रेवा माझ्याशी जेवणाखाण्यापुरतं बोलायची. आर्थरला भाषा कळत नव्हती, पण हवा कळत होती. तिसऱ्या दिवशी तो मला काठावर घेऊन गेला. गोल गोट्यांचा किनारा. आम्ही एका उलट्या ठेवलेल्या होडीवर बसलो आणि तो आपणहून बोलू लागला.

तो ऐन तिशीत असताना सरकारने कॉडची मासेमारी बंद केली. मोठ्या जहाजांनी समुद्र इतका उपसला होता की जाळ्यात काही येईनाच. "थोड्या दिवसांत उघडेल असं म्हणाले," आर्थर म्हणाला. "माझा भाऊ वाट बघून बघून पश्चिमेला कामाला गेला. ते बघ त्याचं घर." धुक्यात मला काहीच दिसत नव्हतं. मी मान हलवली.

"मग तू काय केलंस?"

"कॉड नाही, तर खेकड्यांना खाणारं कोण? खेकडे माजले, कोळंबी माजली. मी खेकडे धरू लागलो. माझ्या बापाला जन्मभर कॉड मारून जे घर बांधता आलं नाही, ते मी खेकड्यांवर बांधलं." त्याने पायाजवळचा एक गोटा उचलून पाण्यात टाकला. "पण त्या घरात मला घरचंच कुणी गेल्यासारखं वाटायचं, माय सन. कॅपलिन विरळ झाले. व्हेल आत येईनात. पक्षी कमी झाले. आम्हाला वाटायचं, आमचं फिश गेलंय. गेलं होतं सगळंच. एक धागा ओढला आणि अख्खं जाळं उसवलं."

"आणि आता?"

"आता थोडं थोडं परत येतंय. तुझी पोरगी दर वर्षी येते आणि पोटं उघडून सांगते, त्यांना खायला मिळतंय की नाही. गावात तिच्या शेडसमोर आम्ही रोज जाऊन उभे राहतो. डॉक्टर नाडी धरतो ना, बाहेर घरचे उभे असतात, तसे."

त्याला आमच्या भांडणातलं काही माहीत नव्हतं. 'डॉक्टर' हा शब्द त्याने सहज वापरला. मला मात्र धुक्यात तोंड फिरवून बसावं लागलं.

कॅपलिन

पाचव्या दिवशी पहाटे आर्थरने दार ठोठावलं. "आले!"

मी जाकीट घालून, बुटाच्या नाड्या न बांधता धावलो. धुकं विरलं होतं. सूर्य नुकताच वर येत होता. किनाऱ्याला येणारी लाट पाण्याची नव्हती, माशांची होती. पारदर्शक हिरव्या लाटेच्या पोटात हजारो चंदेरी मासे, शेजारीशेजारी, एकाच दिशेला तोंड करून. लाट फुटायची आणि ते गोट्यांवर पसरायचे, तडफडायचे, अंडी सोडायचे. पुढची लाट काहींना परत न्यायची, काहींना तिथेच ठेवायची. नजर पोचेल तिथपर्यंत काठ चांदीचा झाला होता आणि त्या सगळ्याचा एक आवाज येत होता, तव्यावर मोहरी तडतडावी तसा. काकडीसारखा ताजा, हिरवा वास.

गावातली माणसं बादल्या घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली होती. म्हाताऱ्या बायका हसत होत्या. मी पुढे गेलो, पाय घसरला आणि सपशेल आडवा झालो. हात टेकले ते गोट्यांत नाही, कशात तरी मऊ. उचलून पाहतो तर भिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, वाळूच्या कणाकणाला चिकटलेली. बोटांच्या मध्ये, अंगठीखाली, बाहीवर. मी चालत होतो ती जमीनच अंड्यांची होती.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. काठापासून फार तर वीस हातांवर पाणी फुगलं आणि त्यातून एक व्हेल तोंड वासून वर आला. नानाखेड्याला इंदूरची बस लागते, तिच्याहून लांब. जबड्यातून धबधब्यासारखं पाणी गळत होतं, आत कॅपलिन उसळत होते. तोंड मिटलं, श्वासाचा फवारा आमच्या अंगावर आला, आणि ते प्रचंड काळं शरीर किती हळू, किती सांभाळून खाली गेलं! मी हात जोडले. जोडायचे असं ठरवलं नव्हतं.

रेवा शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने माझ्या हातांवरची अंडी पाहिली. "धुवू नका लगेच," म्हणाली. चार दिवसांत जेवणाखाण्यापलीकडचं पहिलं वाक्य.

न्याहारी न करताच आम्ही तिघे आर्थरच्या होडीतून आत गेलो. मला ज्याची भीती होती ते दहाच मिनिटांत झालं. कालचं सगळं जेवण मी समुद्राला दिलं आणि आर्थर पाठ थोपटत म्हणाला, "चांगलं आहे, त्यांनाही खायला हवं." रेवाकडे संशोधनाची परवानगी होती. आर्थरने दोरी सोडली, ओढली, आणि मोठा कॉड वर आला. त्याने तो एका फटक्यात शांत केला.

रेवाने सुरी माझ्यापुढे धरली. "तुम्ही चिरा, बाबा."

मी आयुष्यात कधी ताजा मासा चिरला नव्हता. तरी हाताला वाट माहीत होती. गुदद्वारापासून वर, उथळ, सुरीचं टोक वरच धरून. पोट एवढं टच्च होतं की आपोआप उघडलं. आत कॅपलिन. एकावर एक, डब्यात रचल्यासारखे, काही अजून चमकत होते. मी काढत गेलो आणि ते संपेनात. एका कॅपलिनच्या पोटाला नख लागलं तर त्यातून लालसर रवाळ काहीतरी आलं. "कोपेपॉड," रेवा म्हणाली, "टाचणीच्या डोक्याएवढे जीव. ते हिरवं शेवाळ खातात, आणि शेवाळ खातं ऊन."

माझ्या तळहातावर ऊन होतं, शेवाळ होतं, कोपेपॉड होते, कॅपलिन होता, कॉड होता. होडीच्या दोन्ही बाजूंना व्हेल श्वास सोडत होते, वर पक्ष्यांचा कल्लोळ. मी एवढी वर्षं ज्याला धडा तिसरा म्हणत होतो, ते हे होतं. मला एकदम बसावंसं वाटलं, म्हणून बसलो.

रेवाने यकृत उचलून आर्थरला दाखवलं. मोठं, फिकट, चरबीने भरलेलं. आर्थरने टोपी काढली.

मी जाकिटाला हात पुसले, फोन काढला आणि व्हिडिओ कॉल लावला. उज्जैनला दुपार होती, व्यासजी दुकानात.

"व्यासजी, एक बात कहनी थी. रेवा इलाज वाली डॉक्टर नहीं है. अस्पताल वाली बात मैंने गलत बताई थी. छह साल से."

व्यासजींनी चष्मा काढून पुसला. मग सावकाश, "तो फिर करती क्या है बिटिया?"

"मछली का पेट चीर के देखती है, उसने क्या खाया."

"उससे होता क्या है, भिया?"

मी कॅमेरा फिरवून फोन समुद्राकडे धरला. त्याच वेळी एक व्हेल वर आला, शेपटी उभी करून खाली गेला. फोनमधून व्यासजींचा ओरडा ऐकू आला, "अरे बाप रे! ओ भैया, चश्मा छोड़ो, इधर आओ, देखो!" कुणा गिऱ्हाइकाला बोलावत होते.

रेवाने माझ्या हातून फोन घेतला आणि ती त्यांना सगळं समजावत राहिली, हिंदीत, पुष्कळ वेळ. कॉड काय खातो, कॉडला कोण खातं, तो गेला तेव्हा काय काय गेलं. मी आणि आर्थर ऐकत होतो. त्याला हिंदी येत नाही आणि मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

उज्जैन

परत येऊन पाच महिने झाले. कार्तिकात एका सकाळी व्यासजी आणि मी रामघाटावर गेलो होतो. नर्मदेचं पाणी सोडल्यामुळे क्षिप्रा भरलेली होती. पायऱ्यांशी नेहमीसारखी माशांची झुंबड. यात्रेकरू कणकेच्या गोळ्या टाकत होते. या माशांना मीही लहानपणापासून गोळ्या टाकत आलोय. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की मला यांचं नावसुद्धा माहीत नाही. जीवशास्त्राचा मास्तर!

जवळच्या नाववाल्याला विचारलं, "भैया, आटा कोई न डाले, तो ये क्या खाती हैं?"

तो वल्हं थांबवून विचारात पडला. "बाबूजी, ये तो आज तक किसी ने पूछा ही नहीं."

मी व्यासजींकडे पाहिलं. त्यांनी चपला काढल्या, पायजमा घोट्यावर दुमडला आणि पाण्यात दोन पायऱ्या उतरून, चष्मा सावरत, खाली वाकले.